आमच्या ह्यांचा डावा पाय

आमचे हे ड्रायव्हर आहेत असं मी कुणाला सांगितलं की हे लगेच माझी चूक सुधारतात. "ड्रायव्हर नव्हे, सारथी." हे नाव ह्यांना डॉक्टरीणबाईंनी दिलं. बाई डोळ्यांच्या डॉक्टर. आता वय झालं, दवाखाना बंद केला, आणि नशीब बघा, अख्ख्या गावाचे डोळे ज्यांनी नीट केले त्यांनाच आता समोरचा माणूस धुरकट दिसतो. त्यांच्या गाडीवर हे आमच्या लग्नाच्या आधीपासून आहेत. आधी दवाखान्यात शिपाई होते, गाडी धुवायचे. मग बाईंच्या यजमानांनी हौसेनं ह्यांना त्याच गाडीवर चालवायला शिकवलं, परवानाही त्याच गाडीवर निघाला. पुढे बाई एकदा कौतुकानं "सारथी" म्हणाल्या आणि हे जे हरभऱ्याच्या झाडावर चढले ते आजतागायत उतरायला तयार नाहीत.

गाडी तरी केवढी! फिकट हिरवी, लांबलचक, आता रस्त्यावर तिच्या जोडीची दुसरी दिसायची नाही. पोरंटोरं थांबून फोटो काढतात. शेजारणी मला चिडवायच्या, "ही तुझी सवत गं." मी म्हणायचे, सवत कसली, ती माझी दुसरी सासू आहे. सकाळी उठवली की आधी खाकरणार, अंगात ऊब आल्याशिवाय जागची हलणार नाही, आणि तिचं काय दुखतंय ते म्हणे फक्त तिच्या लेकालाच कळणार. लेक म्हणजे हे!

या गाडीला क्लच नाही. पायाशी दोनच गोष्टी, एक पळवायची आणि एक थांबवायची. स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडी आहे, ती खाली ओढली की झालं, पुढचे गिअर तिची तीच टाकते. म्हणजे उजव्या पायाला काम आणि डाव्याला आराम. पण ह्यांच्या गप्पा ऐकाल तर वाटेल की जगातली सगळी वाहनं ह्यांच्या हाताखालून गेली आहेत. आम्ही बसनं कुठे निघालो की हे मुद्दाम पुढच्या सीटवर बसणार आणि बसवाल्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणणार, "अरेरे, केवढ्यानं टाकला तो गिअर! क्लच नीट दाबायला काय जातं?" एकदा एका बसवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, "काका, या, तुम्हीच चालवा." तेव्हा हे म्हणाले, "मी गणवेशाशिवाय चालवत नाही." मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण मी पडले भोळी.

गेल्या वर्षी सासूबाई आजारी पडल्या. दांडी खाली ओढली की इंजिन नुसतं किंचाळायचं, गाडी विचारात पडायची, आणि मग एकदम धक्का देऊन निघायची. बाईंच्या हातातली पर्स दोनदा पायाशी पडली. हे आधी म्हणाले रस्ता खराब आहे, मग म्हणाले हवा बदलली. शेवटी मीच म्हटलं, "अहो, माझा सख्खा भाऊ गिअरबॉक्सचा मिस्त्री आहे. त्याला दाखवायला लाज वाटते का तुम्हाला?"

लाज वाटतच होती. मेव्हण्यापुढे गाडी आजारी आहे म्हणून कबूल करायचं म्हणजे ह्यांच्या जिवावरच आलं. पण नेली एकदाची. दादानं बॉनेट उघडलं, लांब पट्टी बाहेर ओढली, तिच्यावरचं तेल बोटानं चोळलं आणि नाकाशी धरलं.

"भावोजी, गिअरचं तेल बघत होता का?"

"म्हणजे काय! रोज सकाळी. गाडी सुरू करायच्या आधी, पट्टी पुसून. काठोकाठ असतं."

दादानं कपाळाला हात लावला. "गाडी सुरू करायच्या आधी बघतात ते इंजिनचं तेल. हे बघायचं ते गाडी गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून. बंद गाडीत वरचं सगळं तेल खाली येऊन बसतं. पट्टीला वाटतं पोट भरलंय, आणि चालायला लागलं की उपाशी."

"मी तिला कधी उपाशी ठेवलेलं नाही," हे एकदम दुखावून म्हणाले.

"जाणूनबुजून नाही ठेवलंत हो. पण ठेवलंत."

मग दादा गाडीखाली शिरला आणि गिअरबॉक्सच्या तळाचं तबक काढलं. ते तेल नवं असताना डाळिंबाच्या रसासारखं लालभडक असतं. इथे निघालं ते उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं, आणि वास असा की कुणीतरी रबरी चप्पल तव्यावर भाजली आहे. तबकात एक लोहचुंबक असतं, लोखंडाचा कीस धरून ठेवायला, त्यावर राखाडी चिखल साचलेला. गाळणी गच्च. नुसतं तेल बदलून भागणार नव्हतं. आतल्या चकत्यांचं अस्तर जळलं होतं, रबरी कड्या कडक होऊन तडकल्या होत्या. दादा हात पुसत म्हणाला, "अख्खा बॉक्स उतरवावा लागेल. सामान बाहेरून येईल. महिना धरा."

हे तिथल्या टायरवर बसले. डॉक्टरनं नातेवाइकाला बाजूला घेऊन सांगावं तसा चेहरा झाला होता. मला हसूही येत होतं आणि कीवही.

इथे डॉक्टरीणबाईंचा भाचा मधे आला. बाईंची नजर अधू झाल्यापासून त्यांची सगळी कामं तोच बघतो. मुलगा वाईट नाही, पण सदा घाईत, तोंडातला घास गिळायच्या आधी पुढचा उचलणारा. तो म्हणाला, "मावशी, विकून टाक ते धूड. ओळखीचा माणूस आहे, आहे तशी उचलून नेईल. तुला कुठे जायचं असलं तर फोनवर गाडी मागवता येते."

बाईंनी थोडा विचार केला. "दुरुस्त तर होऊ दे. झाली की तू स्वतः माझ्याबरोबर बस आणि बघ. धक्का न देता चालली तर राहील. दिला तर विक, मी हूं की चूं करणार नाही."

हे तिथेच दाराशी उभे होते. गाडी गेली तर सारथी कशाला हवा, हे कुणी बोललं नाही, पण बोलायची गरज तरी काय होती? घरी आल्यावर ह्यांनी चहा पुढ्यात घेतला आणि तो गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. ह्या वयात ह्यांना दुसरीकडे कोण ठेवणार? आणि ठेवलं तरी त्या गाडीवरून ह्यांना उतरवणं म्हणजे अंगावरची कातडी सोलणं, हे मला कळत होतं.

भाच्यानं मावशीची अडचण होऊ नये म्हणून आपली जुनी छोटी गाडी आमच्या दारात आणून लावली. क्लचवाली. "महिनाभर ही वापरा," म्हणाला आणि किल्ली देऊन पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशी होते. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग एक धाडकन उडी, मग शांतता. पुन्हा सुरू, पुन्हा उडी, पुन्हा शांतता. शेजारची बाई बादली हातात धरून बघत उभी. हे आत आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "त्या गाडीत दोष आहे."

मी बाहेर गेले. माझं माहेर म्हणजे गॅरेज. लग्नाआधी दादाचा टेम्पो घेऊन सामान आणायला मीच जात असे. बसले, क्लच दाबला, गिअर टाकला, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन वळवून परत आणली. गाडीला सर्दीसुद्धा नव्हती.

हे पायरीवर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला क्लच येत नाही."

"काय?"

"ओरडू नकोस. येत नाही मला. कधी आलाच नाही. ती सोडून दुसरी गाडी मी आयुष्यात चालवलेली नाही."

देवा रे देवा! मी हसले. हसले म्हणजे किती, पदर तोंडात कोंबला तरी आवाज फुटत होता. मला तो बसवाला आठवला, तो गणवेश आठवला, आणि हसू थांबेना. मग ह्यांच्याकडे बघितलं तर हे हसत नव्हते. नखानं पायरीचा टवका काढत होते. "भाच्याला कळलं तर तो म्हणेल, हा कसला ड्रायव्हर. गाडी राहिली तरी मला काढेल," हे म्हणाले. तेव्हा मात्र माझं हसू जिरलं.

"उठा," मी म्हटलं. "बाईंना गुरुवारी बाहेर पडायचंय. तोवर गुडघा धरलाय म्हणून सांगा. शिकवते मी."

"तू?"

"नाहीतर जा त्या बसवाल्याकडे."

शाळा स्वयंपाकघरात भरली. ह्यांना स्टुलावर बसवलं आणि पायाशी तीन झाकणं उपडी मांडली. डावीकडे डब्याचं, तो क्लच. मधे कढईचं, तो ब्रेक. उजवीकडे पातेल्याचं, ते ॲक्सिलरेटर. बरणीत उलथनं उभं केलं, तो गिअर.

"क्लच दाबा. पहिला टाका. आता हळू सोडा. हळू! अहो, दूध वर यायला लागलं की गॅस कसा अलगद कमी करता, तसं."

"मी कधी दूध तापवलंय?"

"तेच तर म्हणते मी, इतकी वर्षं!"

ह्यांचा डावा पाय म्हणजे घरजावई. उभा जन्म बसून खाल्लं, आता एकदम कामाला जुंपलं तर त्याला सुचतंय काय? दाबायला सांगितलं तर उचलायचा, उचलायला सांगितलं तर दाबून धरायचा. डब्याचं झाकण चेपलं, ते अजून बसत नाही. जेवताना हे टेबलाखाली सराव करायचे आणि माझ्या पायावर क्लच दाबायचे. मी म्हटलं, "अहो, मी चौथ्या गिअरमध्ये गेले आता, सोडा."

झाकणांवर बरं जमायला लागलं तशी गाडी दादाच्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत नेली. तिथे हे गाडी घेऊन टुणटुण उड्या मारत होते आणि मी शेजारी बसून ओरडत होते. दादा त्याच वेळी एका ट्रकखाली झोपून काम करत होता. त्याचे नुसते पाय बाहेर दिसत होते, आणि ते हसून हसून हलत होते. "ठमे," तो खालून ओरडला, "जावईबापूंना जरा जपून शिकव, माझी भिंत नवी आहे!"

पण शिकले हो. खोटं कशाला बोलू, गुडघ्याचं नाटक एक गुरुवार पुरलं आणि पुढच्या गुरुवारी हे बाईंना त्या छोट्या गाडीतून घेऊन गेले, एकदाही बंद न पाडता. मग काय विचारता! हळूहळू ऐट परत आली. महिना सरता सरता हेच मला सांगायला लागले, "खरं ड्रायव्हिंग म्हणजे क्लचचं. ऑटोमॅटिक काय, कुणीही चालवेल."

मी म्हटलं, "कठीण आहे बाई."

इकडे सामान आलं. दादानं चकत्या बदलल्या, कड्या बदलल्या, आतली चिमुकली छिद्रं एक एक करून फुंकून साफ केली, चुंबक घासून चकचकीत केलं, आणि नवं लालबुंद तेल घातलं. मग गाडी गरम करून, इंजिन चालू ठेवून, ह्यांच्या हातात पट्टी दिली. "बघा, भावोजी. आता असं बघायचं." ह्यांनी मुकाट बघितलं. दादानं मला फेरी मारून आणलं. काय सांगू, लोण्यातून सुरी जावी तशी गाडी जात होती. मला माझ्या भावाचा इतका अभिमान वाटला की मी त्याच्या तेलकट पाठीवर थाप मारली आणि हात धुवायला साबण शोधत फिरले.

परीक्षेचा दिवस आला. बाईंना डोळे दाखवायला मोठ्या दवाखान्यात जायचं होतं. धरून न्यायला कुणीतरी बाई हवी म्हणून मला बोलावलं. मी आणि बाई मागे, भाचा पुढे ह्यांच्या शेजारी, एका हातात मोबाईल. ह्यांनी इस्त्रीचा गणवेश घातला होता. मानेवर घाम मात्र दिसत होता.

गाडी निघाली, आणि अहाहा! आवाज नाही, हिसका नाही. दोन गल्ल्या गेल्या, पूल गेला. बाई गालात हसत होत्या. मी मनातल्या मनात दादाला ओवाळत होते.

मग चौक आला. समोरचा दिवा लाल झाला. ह्यांनी वेग कमी केला, आणि महिनाभर घोटून घोटून लावलेल्या सवयीनं डावा पाय उचलून दाणकन क्लच दाबला. या गाडीत क्लच कुठला! तिथे ब्रेक होता, तोही चांगला ताटाएवढा रुंद. गाडी जागच्या जागी उभी राहिली. भाच्याचा मोबाईल काचेवर आपटला, बाई पुढच्या सीटवर आदळता आदळता मी त्यांना धरलं.

"बघितलंस, मावशी?" भाच्याचा आवाज टिपेला गेला. "हा धक्का! महिनाभर उघडून ठेवली आणि गिअर होता तसाच. मिस्त्र्याला काही येत नाही. बस, आता माझं ऐक." आणि मोबाईल उचलून त्यानं त्या ओळखीच्या माणसाला फोनसुद्धा लावला.

बाई काही बोलल्या नाहीत. शब्द दिला होता ना त्यांनी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा भाऊ, त्याला काही येत नाही? जिभेच्या टोकावर आलं होतं, सांगून टाकावं की गिअर नाही, हा ह्यांचा पाय आहे. पण सांगितलं असतं तर ह्यांचं उरलंसुरलं सगळं मी माझ्या हातानं मातीत घातलं असतं. मी ओठ आवळले. आरशात आमची नजरानजर झाली. ह्यांना फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर दोष गाडीचा आणि दादाचा, आणि हे आपले सारथीचे सारथी. निदान घरी जाईपर्यंत तरी.

दिवा हिरवा झाला तसे मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. भाचा फोनवर म्हणत होता, "हो हो, उद्याच घेऊन जा."

"साहेब, फोन ठेवा," हे म्हणाले.

"काय?"

"गिअरला काही झालेलं नाही. मिस्त्र्यानं काम चोख केलंय. तो ब्रेक मी मारला."

"एवढ्या जोरात कशाला? दिवा तर अजून लांब होता."

"क्लच समजून मारला." ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. "मला क्लचची गाडी येत नव्हती. तुमची गाडी आली म्हणून हिच्याकडून शिकलो, घरी, झाकणांवर. ती सवय पायात राहिली. पाय चुकला. गाडी नाही चुकली."

भाच्यानं फोन कानावरून खाली घेतला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मावशीचे ड्रायव्हर, आणि तुम्हाला गाडी चालवताच येत नव्हती?"

"ही येते, साहेब," हे म्हणाले. "एवढी एकच येते."

ह्यांच्या फुशारक्या मी वर्षानुवर्षं ऐकल्या, पण एकीनंही माझा ऊर कधी भरून आला नव्हता. त्या चौकात, मागून लोक शिव्या देत असताना, हे वाक्य ऐकलं आणि मला रडू फुटलं. वाटलं, उठावं आणि सगळ्या जगाला ओरडून सांगावं, हा माझा नवरा आहे.

"तो फोन आधी बंद कर," बाई भाच्याला म्हणाल्या. "मी जन्मभर डोळे तपासले. कुणी दुखरी दाढ घेऊन आला असता तर मला ओ की ठो कळलं नसतं. म्हणून काय मी डॉक्टर नव्हते?"

"तसं नाही गं, मावशी, पण..."

"पण काय ते पोचल्यावर. बसून बघायचं ठरलंय ना आपलं? मग बस आणि बघ. चला हो सारथी, लोक खोळंबलेत."

ह्यांनी डावा पाय उचलला, उजव्या मांडीखाली घट्ट दुमडून ठेवला, अर्धी मांडी घालून बसले आणि गाडी सोडली. त्यानंतर ती पहिल्यातून दुसऱ्यात कधी गेली, दुसऱ्यातून तिसऱ्यात कधी, ते मला मिस्त्र्याच्या बहिणीलाही कळलं नाही. मोठा रस्ता लागला. झाडं मागे जात होती म्हणून म्हणायचं की आपण चाललोय.

बऱ्याच वेळानं बाईंनी माझा हात चाचपून धरला आणि हळूच विचारलं, "अगं, तो गप्प का? रागावलाय का माझ्यावर?"

मी पुढे वाकून बघितलं. भाच्याची मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, मोबाईल मांडीवरून घसरत आलेला.

"झोपलेत," मी म्हटलं.

"गाढ?"

"घोरतायत."

बाई मागे टेकून बसल्या. "मग राहिली गाडी," त्या म्हणाल्या. "आणि सारथीही राहिले. जरा हळू घ्या हो, उठेल तो."

ह्यांनी मान न वळवता बाहीनं डोळे पुसले आणि गाडी हळू घेतली.